नवीन चांगले पिक्चर जातात कुठे? थिएटरचं गणित सोप्या भाषेत

गुरुवारी रात्री बुकिंगचं ॲप उघडायचं, शनिवारी घरच्यांना घेऊन जाऊ म्हणून, आणि दहा मिनिटं वरखाली करून बंद करायचं, हे आता इतक्या घरांत होतंय की त्याला कुणा एकाची कुरकुर म्हणता येणार नाही. दिसतं काय तर एका मोठ्या हिरोचा मारधाडीचा पिक्चर, त्याचे सकाळी आठपासून रात्री साडेअकरापर्यंत शो, एक हॉलीवूडचा कितवातरी भाग, एक साउथचा डब केलेला, एक दहा वर्षांपूर्वीचा जुनाच पुन्हा लावलेला, आणि सगळ्यात खाली एक मराठी, त्याचा एकच शो, दुपारी बारा वाजून पाच मिनिटांचा, तोही शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग आपण म्हणतो, हल्ली चांगलं काही बनतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. चांगले पिक्चर कमी झालेत हे खरंय, पण त्याहून जास्त कमी झालाय तो त्यांना मिळणारा वेळ. आधी पिक्चर लागायचा, चार लोक बघून यायचे, ऑफिसात, लोकलमध्ये, हळदीकुंकवाला बोलायचे, मग बाकीचे जायचे. आता शुक्रवारी लागतो आणि सोमवारी निकाल. हे असं का झालं ते कळायला तिकिटाचे पैसे कुठे कुठे जातात ते बघावं लागतं, थोडी आकडेमोड आहे पण पाचवीतली आहे, घाबरू नका.

समजा तिकीट २३६ रुपयांचं आहे. विचित्र आकडा मुद्दाम घेतलाय, हिशोब सरळ येतो. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ रुपये सरकारला गेले आणि उरले २००. (ॲपवाला वरून जी फी लावतो ती यात धरलीच नाहीये, ती वेगळी चिडचिड.) हे २०० रुपये थिएटर आणि पिक्चरचा वितरक (निर्मात्याचा पिक्चर थिएटरांपर्यंत पोचवणारा) यांच्यात वाटले जातात. ही वाटणी कशी करायची यावरून २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं असं काही जुंपलं होतं की एप्रिल ते जून दोन महिने मल्टिप्लेक्सला नवा मोठा हिंदी पिक्चरच लागला नाही. शेवटी तडजोड झाली ती अशी, की पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यापासून पुढे ३०. म्हणजे आपल्या दोनशेतले पहिल्या आठवड्यात शंभर-शंभर, दुसऱ्यात वितरकाला ८५ आणि थिएटरला ११५, तिसऱ्यात ७५ आणि १२५, पुढे ६० आणि १४०. प्रत्येक पिक्चरला अगदी हेच आकडे असतात असं नाही, घासाघीस होते, पण ढाचा हाच.

आता वितरकाच्या शंभरातून त्याचं कमिशन जातं, मग डिजिटल प्रोजेक्शनची फी जाते. ही फी म्हणजे एक मजेशीर भानगड आहे. पूर्वी पिक्चरच्या रिळांच्या प्रिंट काढायला पैसे लागायचे, ते डिजिटल आल्यावर वाचले, पण थिएटरांना नवे प्रोजेक्टर घ्यायचे होते, त्याची वसुली म्हणून पिक्चरवाल्यांकडून स्क्रीनमागे पैसे घ्यायला लागले. प्रोजेक्टर जुने झाले तरी फी चालूच, आणि त्यावरून निर्मात्यांची भांडणंही चालूच. मोठ्या पिक्चरला ती जाणवत नाही, छोट्याला जाणवते. सगळं वजा करून निर्मात्याच्या हातात ९० रुपये पडले असं धरू, हे भरपूर उदार मनाने धरलंय.

एखादा साधा मराठी पिक्चर, बनवायला आणि जाहिरातीला मिळून पाच कोटी लागले. पाच कोटी भागिले नव्वद, साडेपाच लाखांच्या वर तिकिटं विकली पाहिजेत, तेव्हा कुठे तो फक्त खर्चातून सुटेल. आणि हे २३६ च्या दराने. तालुक्याच्या ठिकाणी तिकीट ११८ ला असेल तर हाच आकडा अकरा लाखांवर जातो. अकरा लाख माणसं, एकाच पिक्चरला, आणि बहुतेक वेळा चार दिवसांत तोंड दाखवून गायब व्हायच्या आत. पटकन मोठ्याने म्हणून बघा.

आता कुणी हुशार वाचक विचारेल, की पिक्चर जितका जास्त आठवडे राहील तितका थिएटरचा वाटा वाढतो, मग थिएटरवाला त्याला लवकर का हाकलतो? चांगला प्रश्न आहे आणि सगळी गोम इथेच आहे. शोची खुर्ची म्हणजे मेथीची जुडी, आज रात्री गेली नाही तर उद्या तिला किंमत शून्य. रिकाम्या हॉलचे सत्तर टक्के घेऊन काय करणार, त्यापेक्षा भरलेल्या हॉलचे पन्नास बरे. आणि खरी कमाई तर हॉलच्या बाहेर आहे. मोठ्या साखळ्यांच्या उत्पन्नात पॉपकॉर्न-समोसा-कोल्ड्रिंकचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि त्यातला एक पैसाही निर्मात्याला द्यावा लागत नाही. घरून डबा नेऊ द्या म्हणून लोक कोर्टात गेले होते, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाहेरचं खाणं अडवायचा थिएटरला हक्क आहे, म्हणजे पर्समध्ये चिवड्याची पुडी लपवून नेणाऱ्या तमाम काकवांचा विषय संपला. त्यामुळे थिएटरला पिक्चर चांगला की वाईट याच्याशी फार देणंघेणं नसतं, त्याला माणसं हवीत, आणि आजच हवीत.

हे ठरतं कसं ते जरा जवळून बघा. समजा पाच स्क्रीनचं मल्टिप्लेक्स आहे, प्रत्येक स्क्रीनवर दिवसाला पाच खेळ, म्हणजे एकूण पंचवीस. मोठ्या पिक्चरचा वितरक येतो आणि म्हणतो मला यातले चौदा-पंधरा पाहिजेत, नाहीतर नाहीच लावत. थिएटरवाला नाही म्हणू शकत नाही, कारण पुढच्या महिन्यात याच वितरकाकडे अजून मोठा पिक्चर आहे. उरलेल्या दहात आधीच्या आठवड्यात चाललेला एक, हॉलीवूडचा एक, आणि मग जे दोन-तीन खेळ उरतात त्यात त्या शुक्रवारचे तीन मराठी आणि एक छोटा हिंदी कोंबायचे. म्हणून कुणाला सकाळी साडेनऊ मिळतात, कुणाला दुपारचे बारा. कामावर जाणारा माणूस शुक्रवारी दुपारी बारा वाजता पिक्चरला कसा येणार? येत नाही. मग कॉम्प्युटरवर आकडा दिसतो, दोनशे खुर्च्यांत अकरा तिकिटं, आणि सोमवारी तो शो काढून मोठ्याला देतात. कागदावर सगळं चोख, पिक्चर चालला नाही म्हणून काढला. पण चालायला त्याला रस्ता दिला होता का, हे कागदावर कुठेच येत नाही. आणि हे आता थोड्या हातांत एकवटलंय. देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या साखळ्या, पीव्हीआर आणि आयनॉक्स, फेब्रुवारी २०२३ मध्ये एक झाल्या आणि एकाच कंपनीकडे सतराशेच्या आसपास स्क्रीन आले.

उदाहरण म्हणून २८ एप्रिल २०२३ चा शुक्रवार घ्या. त्या दिवशी 'महाराष्ट्र शाहीर' आला, भाऊराव कऱ्हाडेंचा 'टीडीएम' आला, आणि 'पोन्नियिन सेल्वन'चा दुसरा भागही आला, शिवाय आदल्या आठवड्यात ईदला आलेला सलमानचा पिक्चर अजून पडद्यावर होताच. 'टीडीएम'ला शो मिळेनात, मिळाले तर नको त्या वेळेचे. कलाकार थिएटरातच प्रेक्षकांसमोर रडले, ते व्हिडिओ गावोगाव फिरले, शेवटी निर्मात्यांनी पिक्चर मागे घेतला आणि जूनमध्ये पुन्हा लावला. पिक्चर कसा होता यावर मतं वेगवेगळी असतील, पण मत बनवायला आधी तो दिसायला तर हवा.

सरकारने काही केलं नाही असं नाही हं. २०१५ मध्ये विनोद तावडे सांस्कृतिक मंत्री असताना मल्टिप्लेक्सनी मराठी पिक्चरला प्राइम टाइमचा शो द्यायचा असं ठरलं. सुरुवातीला प्राइम टाइम म्हणजे संध्याकाळी सहा ते नऊ असं होतं, मग मल्टिप्लेक्सवाल्यांशी बोलणी झाली आणि ते दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. त्या वरच्या बारा पाचच्या शोचं कोडं इथे सुटतं का बघा. नियम पाळलाही जातो आणि हॉल रिकामाही राहतो. आणि हे दुखणं मल्टिप्लेक्सनेच आणलं असंही म्हणायला नको. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूरने दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' बाजूला सारून देव आनंदचा पिक्चर लावायला घेतला होता, शिवसेना मध्ये पडली तेव्हा 'सोंगाड्या' लागला, आणि पुढे तो किती जोरात चालला ते सगळ्यांना माहितीये. फरक एवढाच की तेव्हा भांडायला समोर एक मालक होता, आता सॉफ्टवेअरमधला आकडा आहे.

पण मग चांगले पिक्चर बनवणारेच कमी का झाले, हा दुसरा भाग. मधल्या आकाराचा पिक्चर, म्हणजे ज्यात फार मोठा हिरो नाही, स्फोट नाहीत, पण गोष्ट चांगली आहे, हा कधीच निव्वळ तिकिटावर जगत नव्हता. तो जगायचा टीव्ही चॅनलच्या हक्कांवर आणि नंतर ओटीटीच्या पैशावर. लॉकडाऊनच्या काळात ओटीटी कंपन्यांची चढाओढ लागली होती, मिळेल तो पिक्चर उचलत होते, निर्माते खूश, थिएटरात नाही चालला तरी घर चालत होतं. ते दिवस गेले. ओटीटीवाल्यांनी हात आखडता घेतला, आता म्हणतात आधी थिएटरात काय करतो ते दाखव, मग भाव बोलू. त्यात गिऱ्हाईकंही कमी झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सचा आणि डिस्नेचा इथला टीव्ही-ओटीटीचा धंदा एक झाला म्हणजे बोली लावणारे दोन होते तिथे एकच राहिला. मराठीत तर चॅनल आणि ओटीटी मिळून पिक्चर घेणारे मोठे गिऱ्हाईक आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

निर्मात्याच्या जागी बसून बघा. पूर्वी पिक्चर पडला तरी अर्धे पैसे आधीच वसूल असायचे, त्यामुळे एखादी वेगळी गोष्ट करायची हिंमत व्हायची. आता पडला की सगळाच पडला. मग तो काय करणार, एकतर आधी चाललेल्या पिक्चरचा दुसरा-तिसरा भाग काढणार, नाहीतर मोठा हिरो घेणार. मोठा हिरो घेतला की बजेटचा मोठा घास त्याच्या मानधनातच जातो आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या मेकअप, ट्रेनर, व्हॅनिटी व्हॅनच्या लवाजम्यात जातो, हे हिंदीतले निर्माते स्वतःच जाहीरपणे बोलायला लागलेत. लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं ते पडद्यावर दिसतंच. शिवाय बरे लिहिणारे मधल्या काळात वेब सिरीजकडे गेले, तिथे निदान चेक वेळेवर येतो.

ओटीटीने अजून एक गोष्ट केली, आपल्या डोक्यात घड्याळ बसवलं. हिंदी पिक्चरसाठी मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची अट असते की थिएटरनंतर आठ आठवडे ओटीटीवर यायचं नाही. कागदावर बरं आहे, पण प्रेक्षकाच्या बाजूने बघितलं तर याचा अर्थ दोन महिने थांबलं की घरी येईलच. मे २०२५ मध्ये एका हिंदी निर्मात्याने तर कमाल केली, ९ मेला थिएटरात येणारा 'भूल चूक माफ' आदल्या दिवशी रद्द करून सरळ ओटीटीवर टाकायची घोषणा केली, पीव्हीआर-आयनॉक्स मुंबई हायकोर्टात गेले, स्थगिती आली, मग तडजोड होऊन पिक्चर २३ मेला थिएटरात आला आणि दोनच आठवड्यांत ओटीटीवर. आता लोकांनी यातून काय शिकायचं सांगा? चार जणांच्या कुटुंबाने तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरून दीड-दोन हजार घालवायचे की पंधरा दिवस कळ काढायची?

दराचा प्रश्न किती मोठा आहे याचा पुरावा थिएटरवाल्यांनीच देऊन ठेवलाय. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून देशभर ७५ रुपयांत तिकीट ठेवलं, शुक्रवार होता, सुट्टी नव्हती, तरी एका दिवसात सुमारे ६५ लाख लोक आले. एक-दोन नवे सोडले तर पिक्चर तेच होते जे आदल्या दिवशी होते. म्हणजे लोकांना थिएटर नको झालंय असं म्हणणाऱ्यांनी जरा तो दिवस आठवावा. अर्थात रोज ७५ ने एसी, भाडं आणि विजेचं बिल निघत नाही हेही मान्य, पण मंगळवारी दुपारी अकरा माणसांना ३०० घेण्यापेक्षा काहीतरी मधला रस्ता असेलच ना.

आता ते जुने पिक्चर पुन्हा लावायचं खूळ. त्याला नावं ठेवणारे खूप आहेत, मला मात्र त्यातच सगळ्यात जास्त शिकण्यासारखं दिसतं. थिएटरच्या दृष्टीने ते सोयीचं आहे, नवा पिक्चर नसलेला आठवडा भरून निघतो, बनवायचा खर्च कधीच वसूल झालेला, जाहिरात लोकच रील टाकून करतात. पण 'तुंबाड'चं बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. पिक्चरमध्ये एक फ्रेम बदलली नव्हती, तोच पाऊस, तोच वाडा, तोच राक्षस हस्तर. बदललं होतं ते एवढंच की मधल्या सहा वर्षांत लोकांनी तो घरी बघितला, एकमेकांना सांगितला. जे काम पूर्वी थिएटरात सहा आठवड्यांत व्हायचं त्याला बाहेर सहा वर्षं लागली.

आणि थिएटरातच वेळ मिळाला तर काय होतं? 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ ला आला आणि दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली, हे आजच्या काळात जवळपास उलट्या दिशेने वाहणारी नदी आहे. भिशीचे ग्रुप, सोसायटीतल्या बायका, नऊवारी आणि गॉगल घालून, वीस-वीस तिकिटं एकदम. पण त्याच्यामागे जिओ स्टुडिओजसारखं पाठबळ होतं, शो टिकवून धरायची ताकद होती. नुसता पिक्चर चांगला होता म्हणून झालं असं कुणी सांगितलं तर अर्धंच ऐका.

स्क्रीनच कमी आहेत हेही आहेच. सगळ्या देशात मिळून नऊ-दहा हजार, चीनमध्ये ऐंशी हजारांच्या वर. आपल्याकडे एकपडदा थिएटरं मिटत चाललीत, दादरचं चित्रा मे २०१९ मध्ये बंद झालं, लालबागच्या भारतमातासारखी मराठी पिक्चर हक्काने लावणारी जागा बोटावर मोजण्याइतकी. बऱ्याच तालुक्यांत तर थिएटरच नाही. त्यात वितरणाचे नकाशे अजून इंग्रज आणि निजामाच्या काळातले, म्हणजे पिक्चरच्या धंद्यात विदर्भ सीपी-बेरारमध्ये (इंग्रजांचा जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) मोडतो, मराठवाडा निजाममध्ये, आणि उरलेला बहुतेक महाराष्ट्र गुजरात-गोव्यासकट मुंबईत. महाराष्ट्र १९६० मध्ये एक झाला, पिक्चरवाल्यांना बहुतेक कुणी कळवलं नसावं. छोट्या मराठी निर्मात्याला एकाच राज्यात तीन ठिकाणी बोलणी करावी लागतात, मग नांदेड-लातूरचा माणूस म्हणतो आमच्याकडे लागलाच नाही.

तारखांचा घोळ वेगळाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मग आयपीएल, पितृपक्षात हिंदीवाले बिचकतात, दिवाळी-ईद-ख्रिसमस मोठ्या हिरोंनी वर्षभर आधीच अडवून ठेवलेले. उरलेल्या मोजक्या शुक्रवारी सगळे छोटे एकदम उड्या मारतात आणि एकमेकांचेच शो खातात. म्हणून आपल्याला एका महिन्यात काहीच नाही आणि एका आठवड्यात चार असं वाटतं, ते वाटणं बरोबर आहे.

या सगळ्यात आपल्या हातात फार काही नाही, आणि 'मराठी माणसाने मराठी पिक्चर बघावा' असलं मी सांगणार नाही, वाईट पिक्चर भाषेसाठी सहन करायची सक्ती कुणावर नसावी. पण गणित कळलं की वापरता येतं. नव्या पिक्चरच्या शोचं बुकिंग बहुतेक ठिकाणी बुधवार-गुरुवारी उघडतं आणि पुढच्या आठवड्याचे किती ठेवायचे ते सोमवारपर्यंतच्या आकड्यांवर ठरतं. म्हणजे एखाद्या छोट्या पिक्चरबद्दल उत्सुकता असेल तर त्याला शनिवारी किंवा रविवारी जाणं आणि 'पुढच्या शुक्रवारी बघू' म्हणणं यात थिएटरच्या लेखी मोठा फरक आहे, पुढच्या शुक्रवारी तो बहुतेक नसतोच. जमलं तर तिकीट थोडं आधी काढा, गुरुवारी विकलेलं तिकीट त्या आकड्यांत सगळ्यात आधी दिसतं. आणि सोमवार ते गुरुवार बऱ्याच ठिकाणी दर कमी असतात, मोठ्या हिरोचा पिक्चर तेव्हा बघा, तो कुठे जात नाही.